कोरसवाल्याची लेक

आमचे बा गावातल्या गायनपार्टीत कोरसला होते. मुख्य गायकानं ओळ सोडली की ती पडू द्यायची नाही, चटकन उचलायची, एवढंच त्यांचं काम. पण ताडकळसच्या पंचक्रोशीत त्यांच्यासारखा उचलणारा दुसरा नव्हता, हे मी आजही भांडून सांगेन.

नामांतराची वर्षं होती. एसटी कधी बंद पडेल याचा नेम नसायचा. अशात परभणीला विद्यापीठाचा युवक महोत्सव ठरला आणि आमच्या कॉलेजचं समूहगान त्यात लागलं. सरांनी नव्या तऱ्हेची चाल बांधली होती. पोरांचा आवाज खाली, आम्हा पोरींचा वर, आणि मधेच एका जागी सगळे एकदम गप्प. पहिल्या दोन कॉलेजांना पुढं औरंगाबादला मुक्कामी जायचं होतं. मला जायचंच होतं. बा म्हणाले, "आधी ऐकतो, मग बघू." झालं, त्या दिवसापासून मी घरात उठता-बसता तेच गाणं म्हणायला लागले.

महोत्सवाच्या दिवशी बा धुवट धोतर नेसून पुढंच बसले. गाणं झकास रंगलं. ती गप्प जागा आली, आणि मांडवातून खणखणीत आवाज आला. बांनी ओळ उचलली होती. घरी माझं ऐकून ऐकून त्यांना ती तोंडपाठ. प्रेक्षकांत मागं बसलेल्या पोरांनी लगेच टाळ्यांचा ठेका धरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांचा हात उठला तशी आम्ही पुढची ओळ बांच्या आवाजावरच घेतली. दुसरं करणार काय, कपाळ?

उतरल्यावर सर लालबुंद. बा त्यांच्याच पुढं जाऊन उभे. "सर, लेकरं अडकली व्हती, म्हणून धरलं. पडू दिलं न्हाई."

सरांनी दात आवळून सांगितलं, ते गप्प बसणं मुद्दाम बसवलं होतं. बांचा चेहरा असा उतरला की मला त्यांच्यावर चिडताही येईना.

निकालात आम्ही दुसरे. प्रेक्षकांतून ओळ उचलायची कल्पना परीक्षकांना लय आवडली म्हणे. सरांनी मान झुकवून ती शाबासकी घेतली.

"जाऊ का मग?" मी बांना विचारलं.

"जा. पण त्या गप जागेला माझी याद काढू नको. हसशील, अन् सगळ्याइचं बिघडवशील."

हे त्यांनी सगळ्या पोरींदेखत बोलायला नको होतं. औरंगाबादला ती जागा आली आणि आमची अख्खी रांग फिस्सकन हसली. नंबर गेला. घरी आल्यावर बांनी विचारलं, काय झालं.

"तुमी नव्हता ना," मी म्हणाले, "म्हणून पडलं."