सरांचं गोत्र

कसबा पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका बाल्कन कवीच्या कविता ते मराठीत आणतात. तो कवीही शाळामास्तरच, म्हणून मास्तर त्याला ‘आमचे सर’ म्हणतात. “अहो, सर कालपासून एका ओळीवर अडून बसलेत,” अशी तक्रार मला जिन्यातच ऐकवतात. मी अनुवादाला “छान” म्हटलं, तर “न वाचताच?” असं विचारतात.

यंदा सर्वपित्रीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. तर्पणात त्यांनी सरांचंही नाव सांगितलं.

भटजी थबकले. “गोत्र?”

“आमचंच लावा. सरांना मूलबाळ नव्हतं हो.”

मास्तरांनी शांतपणे तीळपाणी सोडलं. मूलबाळ मास्तरांनाही नाही. मी त्यांचं गोत्र मनात पाठ करून ठेवलं.