नाल्यापलीकडचा थ्रो

मी बेळगुंदीचा. युनिव्हर्सिटीच्या संघातून तीन मोसम क्रिकेट खेळलो. बॅट माझ्या हातात शोभेपुरती असायची, पण कव्हरमधून फेकलेला चेंडू थेट स्टंपवर जायचा. राज्याच्या निवड चाचणीत नाव आलं नाही. आठवडाभर तोंड लपवलं आणि भरतीला गेलो. झालं ते बरंच झालं, असं आजही म्हणतो.

पलटण तेव्हा उत्तरेत होती, बर्फाच्या डोंगरात. पोस्टखाली एक नाला होता. सकाळी गुडघाभर पाणी. उन्हानं बर्फ वितळला की दुपारी दोननंतर त्यात माणूस टिकत नसे. म्हणून गस्तीच्या तुकडीनं दोनच्या आत परतायचं, हा नियम. आमचे हवालदार महादेव अण्णा सदलग्याचे. रोज सकाळी हाक यायची, "काय रं युनिव्हर्सिटी, च्या झाला का न्हाय?" त्या मुलखात आपल्या बोलीतली शिवीसुद्धा गोड लागायची.

त्या दिवशी अण्णा दोन जवान घेऊन नाल्यापलीकडे गेले. एकाचा पाय घसरून मोडला. त्याला उचलून परतेपर्यंत साडेतीन वाजले. मागे उभा कडा, पुढे नाला, आणि उभं राहायला खडकाचा एक कट्टा. पाणी कट्ट्याला लागलं होतं. रेडिओवर हिंदीत बोलायचा नियम. अण्णा त्या दिवशी तो विसरले.

"पानी चढतंय. पैला जखमी धाडतो. दोर टाका. ओव्हर."

आम्ही अलीकडच्या काठावर होतो. सुबेदारसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मोज्यात दगड भरून त्याला बारीक दोरी बांधली होती. मी अण्णांच्या छातीचा नेम धरून सपाट फेकला. सवय! दोरीच्या ओढीनं दगड चार हात अलीकडेच पाण्यात पडला. भिजलेली दोरी ओढून पुन्हा नीट गुंडाळण्यात पाच-सहा मिनिटं गेली.

"हितं स्टंप न्हाईत रं. डोक्यावरनं लांब टाक, दोरी आमी धरतो. ओव्हर."

दुसरा दगड त्यांच्यामागच्या कड्यावर आपटला, दोरी खांद्यावर पडली. तिला बांधून जाड दोर गेला. आधी जखमी आला, मग दुसरा. शेवटी अण्णांनी दोर कमरेला बांधला, हात वर केला. मध्यावर बर्फाची मोठी लादी वाहत आली. हातातला दोर एकदम हलका झाला. वेळ चार वाजून वीस मिनिटं. अण्णा दुसऱ्या दिवशी खाली सापडले.

पुढे सतरा वर्षं नोकरी केली. आता बेळगावात सिक्युरिटीची ड्यूटी करतो, रविवारी गावच्या मुलींना फिल्डिंग शिकवतो. घरचं शेत आहे, बायकोचा धाक आहे, झोप शांत लागते. सुखी आहे. फक्त ती पाच-सहा मिनिटं कुणाला सांगितली नव्हती.

दर वर्षी अण्णांच्या तिथीला सदलग्याला जातो. यंदा त्यांच्या बायकोला, आक्कांना, सांगून टाकलं.

"आक्का, माझा पैला थ्रो चुकला नसता तर अण्णा आले असते."

आक्का भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही.

"येळ मिळाला असता तर ह्यांनी आनी कुनाला तरी फुडं धाडलं असतं. सोताच्या लग्नात बी समद्यांस्नी वाढून मग जेवले. मी नवी नवरी, उपाशी बसलेली! तू नगं मनाला लावून घिऊ."

आक्कांनी पहिलं ताट अण्णांच्या फोटोपुढे ठेवलं, पदर सावरला आणि म्हणाल्या, "आज तरी पैलं जेवा."