बॉयलरले हवा कमी पडून राहिली

"वांगी तोलणाऱ्यांनी आम्हाला ज्वलन शिकवू नये."

साहेब हे सगळ्यांसमोर बोलले. अकोल्याच्या तेल गिरणीत, बॉयलरच्या शेडमध्ये. त्यांच्या हातात माझा कागद होता. त्यानं त्यांनी बोटांची काजळी पुसली. कागद भट्टीत टाकला. सुपरवायझर हसला. बाकीचे खाली पाहत राहिले. मीही.

माझी माय तिवस्याच्या बाजारात वांगी, मेथी विकते. मुलाखतीत मीच सांगितलं होतं. अभिमानानं.

अमरावतीला केमिकलचा डिप्लोमा केला. गिरणीत ट्रेनी लागले. चिमणीतला वायू मोजायचा, आकडे लिहायचे. त्या आठवड्यात धूर ओढून चिमणीत नेणारा पंखा बिघडला होता. निम्म्या वेगानं फिरायचा. जेवणाच्या सुट्टीत मी त्या कागदावर गणित मांडलं. बारा किलो कार्बन पूर्ण जळायला बत्तीस किलो ऑक्सिजन लागतो. सोळाच किलो मिळाला तर कार्बन मोनॉक्साइड होतो. विष. रंग नाही, वास नाही. भुशातून भट्टीत जेवढा कार्बन गेला, तेवढा राख आणि चिमणीतला वायू मिळून भरत नव्हता. उरलेला वायू होऊन शेडमध्येच पसरत होता. तिथं दादाराव काका उभे असायचे. आठ तास, भट्टीच्या तोंडाशी भुसा टाकत.

मी एवढंच म्हटलं होतं, "साहेब, बॉयलरले हवा कमी पडून राहिली. पंखा सुधरेपर्यंत बंद ठेवा."

त्यावर ते वांग्यांचं बोलले.

साहेब गेल्यावर काका जवळ आले. रोज मूर्तिजापूरहून रेल्वेनं येणारा माणूस. म्हणाले, "पोरी, डोकं लय दुखून राह्यलं. तुयं गनित खरं हाय का?"

"खरं हाय काका. तुमी बाहेर बसा."

"बाहेर बसलो त उद्या गेटातून आत कोन घेईन?"

मी जागेवर गेले. आकडे लिहिले. गप्प बसले. हे मी लपवणार नाही.

तिसऱ्या दिवशी काका भट्टीसमोर कोसळले. आम्ही उचलून बाहेर आणलं. जीव वाचला. पण आता त्यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत. काकू लावून देतात. मी भेटायला गेले तर माझ्याकडे बघत बसले. मग विचारलं, "तू कोन व?"

काका कोसळले त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं होतं. टाइप केलेला कागद पुढं सरकवला. 'कामगारास ऊन लागल्याने चक्कर आली.' खाली माझं नाव.

"सही कर. तुला कायम करून टाकतो."

मी पेन उचलला आणि ती ओळ खोडली. बाजूला लिहिलं: पंखा बिघडला होता. हवा कमी होती. मी सांगितलं होतं.

"तुझ्या लिहिण्याला विचारतंय कोण?" साहेब म्हणाले.

खरंच कोणी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी गेटवर माझा पास काढून घेतला. बॉयलर चालू आहे. काकांच्या जागी दुसरा माणूस उभा आहे. पंख्याचं काय झालं, मला माहीत नाही. कारखाने तपासणाऱ्या कचेरीत मी चार वेळा गेले. तिथला शिपाई म्हणतो, तपासणी अधिकारी दौऱ्यावर आहेत.

उद्या परत जाणार. त्यांनी माझा जबाब लिहून घेतल्याशिवाय उठणार नाही. उचलून बाहेर काढलं तर परवा जाईन.