कार्ड देत नाय

“मॅडम, पगार बँकेतच टाकू. फक्त एटीएम कार्डं आमच्याकडे राहतील,” शेठ म्हणाले.

मी सीए. ऑफिस शहापूरला, हे क्लायंट मुरबाडचे. त्यांचा मसाल्याच्या पॅकिंगचा कारखाना. कामाला बहुतेक बायकाच, म्हणून आवारात पाळणाघर. ते सांभाळणाऱ्या धसईच्या कमलताई आणि त्यांची जोडीदारीण, दोघी ठेकेदाराकडून आलेल्या. हातात इतकं कमी पडायचं की दोघी सोडून जायच्या बेतात होत्या.

मीच शेठना सुचवलं, त्यांना कंपनीत घ्या, पगार वाढवा. पगाराचा खर्च नफ्यातून वजा होतोच. पण नवीन माणूस पगारपत्रकावर घेतलं, पीएफ भरला, पगार बँकेतून दिला, तर त्यातला काही हिस्सा तीन वर्षं जादा वजा करता येतो. तेवढा टॅक्स वाचतो. नुसत्या पगारवाढीला ही सवलत नाही. शिवाय सीएचा सहीचा रिपोर्ट लागतो.

शेठनी सोयीचं तेवढं ऐकलं. पगार खात्यात पडणार, मग यांचा माणूस कार्ड घालून वाढ परत काढून आणणार. आमच्याकडे ठेकेदार हे सर्रास करतात.

“असल्या पगारावर मी सही करणार नाही.”

“कल्याणला सीए पैशाला पासरी मिळतात, मॅडम.”

“मग आणा एखादा.”

माझं डोकं तापलं होतं. शेठनी कमलताईंना बोलावलं आणि कार्ड मागितलं.

“कार्ड देत नाय, शेठ. काम माझा, पगार माझा, कार्ड पन माझा. जमत नसंल तर पोरं तुमी सांभाला.”

“सांभाळू की!” शेठ हसले.

कमलताई गेल्या आणि सगळी पोरं घेऊन परत आल्या. केबिनमध्ये सोडली आणि स्वतः दारात बसल्या. एकाने कॅल्क्युलेटर तोंडात घातला. एक सोफ्यावर चढून तिथेच मुतलं. तिसऱ्याने भोकाड पसरलं, मग सगळ्यांनीच. मी मदत केली नाही. खरं सांगते, मजा वाटत होती.

रडणं पॅकिंगपर्यंत गेलं. पोरांच्या आया हातमोजे काढून धावत आल्या. बेल्ट थांबला. बाहेर टेम्पो माल भरायला उभा.

“काय झाला गो कमल?” एकीने विचारलं.

“शेठला माझा कार्ड पायजे.”

“मंग आमी पन बसतो इथंच,” म्हणत ती फतकल मारून बसली. पाठोपाठ बाकीच्याही बसल्या.

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. शेठनी एकदा सोफ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “ठेव तुझं कार्ड,” ते म्हणाले, “आणि ही पोरं ने आधी!”

दोघी कंपनीत लागल्या, वाढीव पगारावर. वर्ष संपल्यावर मी रिपोर्ट करायला गेले, तेव्हा आधी पाळणाघरात डोकावले.

“पगार कोण काढतं, कमलताई?”

“मीच. पिन पन कोनाला सांगत नाय. तुमाला पन नाय.”

मग मी सही केली. सवलत पगार दिल्याची असते, दाखवल्याची नाही.