तणसीत निवलेली गाठ

माझं संशोधन भाताच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजलं असं मी कुणाला सांगितलं, की आमचे सर कपाळाला हात लावतात. पण खरंच तसं झालं, त्याला मी काय करू?

डीएनए म्हणजे दोन पदरांची वेणी, हे शाळेत सगळेच शिकतात. काही ठिकाणी मात्र त्यातला एकच पदर स्वतःवर दुमडतो आणि चौपदरी गाठ बसते. कॅन्सर वाढवणाऱ्या काही जनुकांच्या अगदी तोंडाशी, म्हणजे जिथून पेशी ते वाचायला सुरुवात करते तिथे, अशा गाठी बसू शकतात. गाठ पक्की बसली तर जनुक गप्प राहील, अशी आम्हा लोकांची आशा. माझे बाबा तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन गालाच्या कॅन्सरने गेले. विषय निवडताना मी दुसरा कुठला पाहिलासुद्धा नाही.

आणि गाठ काही बसेना! डीएनएचा तुकडा पोटॅशियमच्या खारट पाण्यात घालून तापवायचा आणि हळूहळू निवू द्यायचा, एवढीच कृती. गाठ बसली का ते तपासायला दोनदा नमुने नागपूरच्या यंत्रावर नेले, दोनदा आलेख वेडावाकडा आला. सर म्हणाले, "या वेळी नाही जमलं तर विषय बदलू." मी मान डोलावली आणि कुडव्याला घरी येईस्तोवर रडत स्कूटर चालवली.

त्यात कॉलेजातलं पाणी तापवायचं यंत्र बिघडलं. मग रविवारी सकाळी घरीच गॅसवर आईचा गंज चढवला. हा गंज तिच्या लग्नातला, ती कुणाला हात लावू देत नाही. म्हणून ती मागे अंगणात असताना गुपचूप घेतला. उरलेला सगळा डीएनए इवल्याशा बंद नळ्यांत भरला, नळ्या थर्माकोलमध्ये खोचून उकळत्या पाण्यावर सोडल्या, गॅस बंद केला, झाकण घातलं आणि आंघोळीला गेले.

येऊन बघते तर गंज गायब! मागच्या अंगणात टोपलीभर तणसीत, भाताच्या वाळल्या पेंढ्यात, तो गळ्यापर्यंत पुरलेला, वर घोंगडी.

"आई! हे काय करून ठेवलंस?"

"वरडून काऊन राहिली? मले वाटलं तू भात लावला, म्हणून गरम राहाले ठेवला. सालेकशाले तेंदूपत्ता तोडाले जावो तवा भात असाच ठेवून जात होतो. दुपारी येऊन तूच तं गरमगरम खात होतीस."

"मला गरम नकोय, निवायला हवाय!"

"मंग निवल ना. कुठं पळून जाऊन राहिला थो?"

मी भडकले. तुला काही कळत नाही, सगळं वाटोळं केलंस, असं नको ते बोलले. ती तांदूळ निवडत बसली. दुसरा नमुना नव्हता, म्हणून गंज तसाच राहू दिला. संध्याकाळी झाकण काढलं तर पाणी अजून कोमट होतं.

दुसऱ्या दिवशी नागपूरला यंत्रासमोर देवाचं नाव घेत बसले. आलेख वर चढला, चढतच गेला, आणि जिथे हवं होतं बरोबर तिथे एकच सुरेख टोक! मी खो खो हसायला लागले. यंत्रावरचे दादा दचकले, "क्या हुआ मॅडम?" काय सांगू त्यांना? कृतीत 'हळूहळू' लिहिलं होतं, आणि हळूहळू म्हणजे किती, हे मी माझ्या सोयीने ठरवत होते. तासाभरात कंटाळा आला की नळ्या गार पाण्यात बुडवायच्या. आईच्या तणसीने अख्खा दिवस घेतला.

घरी आल्या आल्या तिच्यापुढे आलेखाचा कागद ठेवला आणि कान पकडले.

"बसली गाठ?"

"बसली माय. माझंच चुकत होतं."

तिने त्या टोकावरून बोट फिरवलं. "तुह्या बाबाच्या येळेले होती का हे?"

मी तिच्याशेजारी टेकले. हे अजून नळीतच आहे, याचं औषध व्हायला किती वर्षं लागतील, होईल की नाही, तेही माहीत नाही, हे मी तिला खरं ते सांगितलं.

"पर झालं तं लोकाच्या बापाले कामी येईल?"

"झालं तर येईल."

ती उठली, गंज घासूनपुसून लख्ख केला आणि माझ्या स्कूटरवर नेऊन ठेवला. "घेऊन जा कॉलेजात. भाताले मी दुसरा पाहीन."