काकूंच्या घंटीची वायर

प्लास्टर झाल्यावर भिंत फोडायची माझी तयारी नव्हती. त्यामुळे पुंडलिकनगरमधलं आमचं जुनं घर पाडून नवीन बांधायला काढलं, तेव्हा बारीक वायरींचं काम मी माझ्याकडे घेतलं. लाईट आणि पंखे इलेक्ट्रिशियन बघत होता. इंटरनेट, टीव्ही, गेटवरचा कॅमेरा, दारावरची बेल हे माझं खातं. पुण्यात नोकरी करणारी लेक फोनवरून सूचना द्यायची. इंटरनेटची वायर लाईटच्या पाइपातून न्यायची नाही, दोन्ही पाइप लांब ठेवायचे. राउटर जिन्याच्या वळणावर, म्हणजे दोन्ही मजल्यांना पुरेल. प्रत्येक खोलीत एक रिकामा पाइप सोडून ठेवायचा, पुढे काय लागेल सांगता येत नाही. मी खडूनं विटांवर खुणा करत गेले आणि त्याप्रमाणे भिंतीत पाइपांसाठी झिऱ्या मारल्या गेल्या.

माझ्या नकाशात सगळं होतं. शेजारच्या काकूंची घंटी तेवढी नव्हती.

ज्या दिवशी मजुरांनी मधली कंपाउंडची भिंत पाडली, त्याच दिवशी काकू तुटलेल्या वायरीचं टोक हातात धरून साइटवर आल्या.

"ही माझी घंटी. तोडली तुमच्या माणसांनी. आता तुला बोलवू कशानं? पत्र टाकू का?"

ती वायर माझ्या लग्नाच्याही आधीची. तेव्हा फोन काकूंकडे होता, आमच्याकडे नव्हता. आमचा फोन आला की काका भिंतीवरून हाका मारायचे आणि अर्ध्या गल्लीला कळायचं. म्हणून माझ्या सासऱ्यांनी आणि काकांनी मिळून भिंतीवरून एक वायर ओढली. बटण काकूंच्या ओट्याशी, घंटी आमच्या स्वयंपाकघरात. ती टॉर्चच्या सेलवर चालायची, म्हणजे पावसात भिजली तरी कुणाला झटका बसायला नको. आवाज चांगला नव्हता. डब्यात भुंगा कोंडावा तसं किर्र व्हायचं.

एकदा वाजली की पाणी आलं. काकूंचं घर उतारावर, त्यामुळे नळाला पाणी आधी त्यांच्याकडे यायचं. आमच्या शहरात पाणी किती दिवसांनी आणि कोणत्या वेळी येईल याचा भरवसा तेव्हाही नव्हता, आजही नाही. दोनदा वाजली की फोन.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात मी त्या दोनदाची वाट बघायचे. फुलंब्रीला आई बाजारातल्या बूथवर जाऊन फोन लावायची. घंटी वाजली की मी हातातलं टाकून पळायचे. मी पोचेपर्यंत काकूंनी आईला निम्मी बातमी दिलेली असायची. "लेक बारीक झालीय तुमची. व्हय, लई काम करती. नाय नाय, सासू बरी हाय, आम्ही हाओत की बघायला." मग रिसिव्हर माझ्या हातात, आणि काकू तिथंच मेथी निवडत बसायच्या. सासूबद्दल काही सांगायचं असलं तरी सांगता यायचं नाही. एकदा मी कणकेच्या हातांनी पळाले आणि काळ्या रिसिव्हरला कणीक चिकटली. ती वाळली. त्यावरून मला चिडवणं काकूंनी अजून सोडलेलं नाही.

आई आता नाही. पण तिचा आवाज आठवायला गेले की आधी ती किर्र ऐकू येते, मग मेथीचा वास येतो, आणि मग आई.

पुढे आमच्याकडे फोन आला, मग मोबाईल आले, काकूंनी लँडलाइन परत करून टाकली. काका गेले. काकूंचा मुलगा नाशिकला. घंटी फक्त पाण्यापुरती उरली.

लेकीला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आई, वायरलेस बेल मागव ना. कशाला खोदाखोदी?" मागवली आणि बांधकामापुरत्या घेतलेल्या भाड्याच्या घरात लावून बघितली. समोरच्या घराचंही बटण तसंच असावं. त्यांच्याकडे कुणी आलं की आमची बेल वाजायची आणि दार मी उघडायचे. बेल परत पाठवली.

म्हणजे वायरच. इलेक्ट्रिशियन उस्मानपुऱ्याचा. त्यानं भिंतीच्या पायातून पाइप टाकायचं कबूल केलं. "पर भाभी, खाला के पास मोबाईल है ना? फिर घंटी काय को?"

काकू मागेच उभ्या होत्या. "मोबाईल चार्जिंगला असतो," त्या म्हणाल्या, "आणि चष्मा कुठं असतो ते मला ठाव नसतं."

हे मिटलं असं मला वाटलं. प्लास्टरच्या आदल्या दिवशी काकू पुन्हा आल्या. घंटीसाठी भिंतीत बसवलेल्या रिकाम्या बॉक्समध्ये बोट घालून बघितलं.

"घंटी इथं वाजणार. आणि माझ्याकडं?"

"तुमच्याकडे बटण, काकू. पहिल्यासारखंच."

"म्हणजे पुन्हा मीच दाबायचं. इतकी वर्षं दाबतेच की. माझ्या घरी काय वाजतं? पोरगा रविवारी फोन करतो, बाकी दिवस कर्ज घ्या म्हणणारे." त्या हसल्या, पण बोट बॉक्समधून काढलं नाही. "माझ्याकडं पण एक वाजणारी बसव. न्हाईतर राहू दे तुझी घंटी."

मी खडू उचलला. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "कल प्लास्टर है, भाभी." पाइपात आता दुप्पट तारा जायच्या होत्या, काकूंच्या भिंतीत नवी झिरी मारायची होती, आणि आमच्या ओट्याशी बटणासाठी आणखी एक बॉक्स. मी प्लास्टर पुढे ढकललं. नवरा म्हणाला, "एका घंटीसाठी?" मी म्हटलं, "दोन घंट्यांसाठी."

राहायला आलो त्या दिवशी सामान लावायच्या आधी मी ते बटण दाबलं. नव्या घंटीचा आवाज गोड आहे, मला तो फारसा आवडत नाही. काकू नव्या भिंतीशी आल्या, हात पिठाचे.

"काय झालं?"

"काही नाही. वाजते का बघत होते."

"वाजती की. पण एकदा वाजली म्हणजे काय समजायचं? पाणी तर तुझ्याकडं आधी येत नाय."

हे मी ठरवलंच नव्हतं. "एकदा म्हणजे या," मी म्हटलं.

"आणि दोनदा?"

"दोनदा म्हणजे लवकर या."

काकूंनी पदराला हात पुसले. "दोनदा वाजवत जाऊ नको," त्या म्हणाल्या, "गुडघे दुखतात." आणि फाटकाकडे वळल्या, आमच्याकडे यायला.