जास्तीची गोळी

शबानाआपा नसती तर हे लिहायला मी उरले नसते, म्हणून तिचं नाव आधी. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये आम्ही एकाच टेबलावर द्राक्षाचे घड कातरीने साफ करतो.

माय, वाशिमच्या स्टँडवर तू माझ्या लेकीला, छकुलीला कडेवर घेऊन उभी होतीस. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणालीस, "साखरेची बिमारी हाय हे कोनाले सांगू नको. कामावर घेत नाईत." नाही सांगितलं. सातवीत शाळा सोडलेलीला दुसरं काम कोण देणार?

दिवसभर थंडगार हॉलमध्ये टोपी, मास्क लावून उभं राहायचं. आधी बरं होतं. मग काय झालं कळेना. छकुलीशी बोलायला तू केलेला फोन वाजला तरी उचलावासा वाटेना, घास गिळेना, उगाच रडू यायचं. मला वाटलं, साखरच वाढली. म्हणून जीव खचला की साखर उतरवायची एक गोळी जास्तीची घ्यायची. तीही उपाशीपोटी.

एका सकाळी हातातून कातरी पडली. घामाने भिजले, थरथर थांबेना. हॉलमध्ये द्राक्षाचा एक मणी खाल्ला तरी घरी पाठवतात. आपाने सुपरवायझर मॅडमसमोरच मूठभर मणी माझ्या तोंडात कोंबले. साखर एकदम उतरली की तिच्या सासूचं असंच व्हायचं, म्हणून तिने ओळखलं. सरकारी दवाखान्यात जाताना रिक्षात मी तिला सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी विचारलं, जेवण नीट आहे ना? मी हो म्हणून मान हलवली.

"खोटं बोलते, साहेब," आपा म्हणाली. "महिना झाला, डबा भरलेला परत नेते. रडून डोळे सुजवते. अन् गोळ्या खाते शेंगदाण्यासारख्या."

मग त्यांनी विचारलं, मरावंसं वाटतं का? मला नाही म्हणता आलं नाही. आपाने माझं मनगट घट्ट धरलं. डॉक्टर म्हणाले, साखर असली की मनाचं हे दुखणं सहज जडतं, आणि मन खचलं की खाण्या-औषधाचा ताळ सुटून साखर बिघडते. उपचार दोन्हींचा करायचा.

करतेय, माय. अजून भीती जात नाही. बोट टोचून मशीनवर आकडा येईपर्यंत मी डोळे मिटून घेते. मॅडमला आता माहीत आहे. पुढच्या सीझनला बोलावतील का, कोण जाणे. घर तुझ्याजवळच आहे, छकुली आहे तिथे. पण खरं बोलायची सवय मला इथे लागली.

आपा स्वतःचं दुखणं कुणाला सांगत नाही, गुडघा धरून हसते. कधीतरी तिलाही डॉक्टरांसमोर बसावं लागेल. त्या दिवशी शेजारी मी असेन, आणि ती लपवेल ते सगळं मी सांगेन.